सहावी घागर

पोथीचा सातवा दिवस.
जोशीबुवांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणाले,
राजानं माणूस नेमण्याआधी चार वेळा पारखावा:
धर्मानं, पैशानं, मोहानं, भयानं.
आणि नेमलेला चुकला तर
पापाचा सहावा वाटा राजाच्या पदरात.
बायका वाती वळत होत्या.
मी आपला पदर चाचपला.

आता मी कुठली राजा?
मांजराकाठच्या साडेतीनशे उंबऱ्यांची सरपंच,
तीही जागा बायकांना सुटली म्हणून.
माझ्या हाती नेमणूक एकच,
टाकीचा वॉल कुणी फिरवायचा.

पुतण्या धनराजचा अर्ज रंगीत छापलेला,
खाली तालुक्याच्या दादांची शिफारस.
"काकू, चावी आपल्याच घरात राहील की."
सोजरबाईचा अर्जच नव्हता.
नवरा अंथरुणाला खिळला तेव्हापासून
आठ वर्षं तीच फिरवते चाक,
पगार त्याच्या नावावर.

पहाटे दोघांना टाकीखाली बोलावलं.
धनराजला म्हटलं, सोड.
त्यानं चाक गरगर फिरवलं,
एक हात मोबाईलवर.
वरच्या आळीत पाणी उसळलं, आमच्या अंगणातसुद्धा.
खालच्या वस्तीत नळ नुसते खाकरले.

दुसऱ्या दिवशी सोजर.
तिनं आधी पायताण काढलं.
मग लोखंडाला कान लावला,
तापलेल्या लेकराच्या छातीला लावतात तसा.
"हवा अडकलीय, माय. जरा दम धरा."
दोन आटे. थांबली.
पाऊण आटा. परत थांबली.
"तुमच्या आळीचं आता बंद करायलेय.
राग धरू नका."

बुवांच्या चारी परीक्षा
मी मनात जुळवून पाहीपर्यंत
ती पुढच्या वॉलकडं गेलीसुद्धा.

ठरावावर सही केली.
त्या रात्री घरात कुणी बोललं नाही,
सासूबाईंनी भाकरी पुढं सरकवली तेवढंच.

आता रोज खालच्या वस्तीत जाऊन उभी राहते.
एकेका दारात घागरी मांडलेल्या.
पाच भरेपर्यंत मी सरपंच,
सहावीपाशी मात्र
श्वास घशात अडकतो.

बुवांना एक विचारायचं राहूनच गेलं,
नेमणाऱ्याला कुणी पारखायचं?
पोथी तर लाल फडक्यात बांधून झाली.
सोजर अजून पाईपला कान लावून आहे.
मला हातानंच खुणावते:
बोलू नका,
यायलंय.