जाल

सेंट पॉलमध्ये, युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर,
चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानाखाली तळघर आहे.
दर गुरुवारी तिथे आम्ही पाच जण
सहा वर्षं एका शहराकडे चाललो आहोत.

शहराचं नाव पुस्तकात, पान एकशे बारा:
एक्स, ए, मग हवेत लटकलेला अपॉस्ट्रॉफी,
एल, एच, आणि शेवटी एक बी,
निघता निघता कुणाचा सदरा कडीला अडकावा तसा.

ड्वेन मेम्फिसचा. खेळ तो चालवतो,
ड्रॅगनही तोच, वादळही तोच.
तो झॅल्ब म्हणतो आणि पुढे जातो.
गेल ओस्टबी पोस्टात, बत्तीस वर्षं
पाकिटांवरची नावं पुटपुटत जिने चढलेली.
ती म्हणते शेल्ब.
आर्नी कोस्केलाच्या आजोबांच्या भाषेत
फुकटचं अक्षर कुणी पोसत नाही,
लिहिलंय ना, मग बोला!
म्हणून तो क्साल्हब म्हणतो
आणि नकाशावर कॉफीचे शिंतोडे उडतात.

तोऊ सगळ्यांत लहान. विचारलं की खांदे उडवतो.
एकदाच म्हणाला, आम्ही ह्माँग लिहितो ना,
तेव्हा शेवटचं अक्षर बोलायचं नसतं.
आवाज कुठे न्यायचा, तेवढंच ते सांगतं.
बी असला तर वर.
आणि त्याने म्हणून दाखवलं.
नावाचं शेपूट छतापर्यंत गेलं, पाइपांपाशी.
आम्ही सगळ्यांनी मान वर केली.

नोंदी मी ठेवतो.
कुणाकडे किती बाण, नावेचं भाडं कुणी बुडवलं,
सगळं देवनागरीत, म्हणजे कुणाला डोकावता येत नाही.
पण त्यांच्या लिपीत ते नाव नुसतं उतरवता येतं,
न उघडता पेटी उचलावी तसं.
माझ्या लिपीत पेन टेकलं की बाजू घ्यावी लागते.
पहिल्याच गुरुवारी घाईत लिहून गेलो, जाल.
चार वह्या झाल्या, तेच आहे.

मार्चमध्ये नवी आवृत्ती आली,
मागे उच्चारांचा तक्ता.
ड्वेनने चष्मा पुसला, मोठ्याने वाचलं,
ए, बॅगमधल्यासारखा.
बघा, म्हणाला, बॅग.
तेच तर मी म्हणतेय, गेल म्हणाली, बेग.
बॅग. बेग.
आर्नीने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून
फाशांच्या मधोमध आपटली.
ही, म्हणाला. हिला काय म्हणता?

त्याच रात्री वेस आली.
पहारेकरी, म्हणजे ड्वेन, घसा खरवडून म्हणाला,
कुठे आलात त्याचं नाव सांगा.
तेव्हाच दार.

सहा वर्षं चालून आलेले आम्ही,
एकाचंही तोंड उघडेना.
गेल तोऊकडे वळली, भलतंच विचारलं.
तुझं आडनाव मी रोज वाटते रे,
अर्ध्या फ्रॉगटाउनभर.
झिऑन्ग. बरोबर ना?
तो म्हणाला, हो.
मग म्हणाला, नाही.
मग त्याने म्हटलं.
तिने त्याच्या मागून म्हटलं, चुकलं.
पुन्हा. शेवट उंचावरून घसरत यायला हवा होता,
तिचा पायरी पायरी उतरत होता.
आर्नीने करून पाहिलं. ते तर विचारूच नका.
तोऊ हसायला लागला आणि बराच वेळ हसत राहिला.
पहारेकऱ्याने भाला कधी बाजूला केला,
मी टिपलेलं नाही.

घरी येऊन वही उघडली. जाल.
उद्या कुणी वाचलं, तर यातला ज कुठला?
मायाजालातला, की तुम्ही जाल, त्यातला?
अक्षर एकच, वर ना टिंब ना खूण.
आपण कानाच्या भरवशावर लिहितो
आणि इतरांच्या लिपीला हसतो.

हजेरीत तोऊपुढे आडनाव लिहायला घेतलं.
पेन टेकेना.
तेवढी जागा कोरी ठेवली आहे.
गुरुवारी विचारीन.