तिसऱ्या गोदामामागची भिंत

रात्री एक वाजताही इतवारीतल्या भिंती
हात लावला की चटका देतात.
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून मी परत बसलो,
हेडफोन घामाने कानाला चिकटलेला,
आणि सुमेध म्हणाला, "घुसलो."

तिसऱ्या गोदामामागे, टाकीकडून दुसरा खांब.
बसायचं, उडी मारायची,
हवेत असतानाच बंदूक बदलायची.
भिंत तुम्हाला आत घेते.
आतून सगळं दिसतं, काचेतून दिसावं तसं.
तुमची गोळी बाहेर जाते.
बाहेरची आत येत नाही.

तीन डाव आम्ही असेच घेतले.
समोर गोंदियाची पोरं. त्यांचा कप्तान,
आवाजावरून नववी-दहावीतला,
दर वेळी मरताना एकच विचारायचा,
"कुठून? अरे पण कुठून?"

"मी काय हॅक केलं का बे?" सुमेध म्हणाला.
"कोड त्यायचा, भिंत त्यायची, भोकही त्यायचंच.
मी फक्त वाकलो."

अल्फियाच्या माइकवरून बराच वेळ
नुसती पंख्याची घरघर येत होती.
मग ती म्हणाली, "घसरउडी पण चूकच होती नं?
आता तिचे क्लास घेतात लोक."

खरं होतं ते.
धावता धावता घसरायचं, घसरता घसरता उडायचं,
हे कंपनीत कुणाच्या मनातही नव्हतं.
मी तीन महिने घासलं, अंगठ्याला घट्टा पडला.
पण घसरउडी मारणारा दिसतो तरी.
त्याच्यावर नेम धरता येतो,
चुकला तर चुकला.

माझे बाबा तराजू दुरुस्त करतात.
कळमन्यातले कितीतरी काटे त्यांच्या हाताखालून गेलेत.
एका दुकानातला काटा, ते सांगतात,
किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त दाखवायचा.
आत ओल गेली होती. कुणाचा दोष नाही.
"मग एक दिवस शेटले समजलं.
तवापासून काटा बरा, शेट आजारी."
पुढचं सांगत नाहीत. स्क्रू शोधायला लागतात.

शेवटच्या डावाला नव्वद सेकंद होते.
मी सगळ्यांना ऐकू जाईल असा माइक उघडला
आणि त्या पोराला सांगितलं:
तिसरं गोदाम, दुसरा खांब, बस, उडी, बंदूक बदल.
तुमच्या बाजूलाही तसंच गोदाम आहे.

सुमेधने दिलेली शिवी इथे लिहीत नाही.

डाव सुरू झाला.
ते पाच त्यांच्या भिंतीत शिरले,
आम्ही पाच आमच्या.
हो, मीही. खोटं कशाला बोलू.

मैदानात कुणीच नाही.
खोटा वारा गवत हलवत होता,
एक पिंप, एक उलटी जीप,
वर घड्याळ उतरत होतं.
दहा जण दगडात उभे,
दहा बंदुका बाहेर रोखलेल्या
आणि नेम धरायला माणूस नाही.
चार मिनिटं.
कुणीतरी खुदकन हसलं, बहुतेक तो पोरगाच.

तेवढ्यात अल्फिया भिंतीतून बाहेर आली.
जीपजवळ जाऊन उभी राहिली, बंदूक खाली.
"येता का कोणी?"

अकरा सेकंद कुणी गोळी झाडली नाही.
मी मोजले.
बाराव्याला गोंदियाच्या भिंतीतून आली.

आम्ही एकाने हरलो.
सुमेध चार दिवस बोलला नाही.
गुरुवारी अपडेट आला, त्यात एकच ओळ,
किरकोळ दुरुस्त्या.
तिसऱ्या गोदामामागची भिंत आता भिंत आहे.
तरी मी एकदा जाऊन उडी मारून पाहिली.

त्या पहाटे बाबा ओट्यावर एक जुना काटा घेऊन बसले होते.
"कोण जिंकलं?"
"गोंदिया."
"बरोबर खेळले का?"

मी गप्प.
त्यांनी दोन्ही पारडी पुसली, रिकामीच टांगली,
एकीला नखाने टिचकी मारली.
काटा शून्यावर यायला वेळ घेतो.
आम्ही दोघं बघत बसलो.