घागरीवरचा डाग

मोबाईल साडेसात हजारांचा, तोही हप्त्यावर.
काचेला कोपऱ्यात तडा, मागे रबरी कव्हर,
कव्हरवर मोर, त्याची मान झिजलेली.
याच्यातून मला घागर विकायची होती
पुण्याच्या एका बाईंना,
ज्यांना ती पाण्याला नको, दिवाणखान्यात ठेवायला हवी.

पहिले बारा फोटो असे आले:
तांबं काळं, भिंत पांढरीफटक,
आणि घागरीला हुडहुडी भरलेली.
फ्लॅश लावला, तर तिच्या पोटात सूर्य उगवला
आणि घागरच गेली.

हे ठोकता ठोकता म्हणाले,
साडेसात हजारांत असंच दिसणार.
स्वतः चिंचेच्या कोळानं
काजळलेलं तांबं उजळवणारा माणूस,
आणि मला हे सांगतो.

हिरामणकाका आले.
रविवार कारंज्यावर त्यांचा स्टुडिओ होता,
अर्ध्या नाशिकनं त्यांच्या स्टुलावर बसून
हनुवटी थोडी खाली घेतलेली.
आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.
माझा मोर तिथलाच.

काकांनी मोबाईल उलटा केला
आणि सदऱ्याच्या टोकानं
कॅमेऱ्याची काच पुसली.
भाकरीचं पीठ निघालं, खोबरेल निघालं.
मोतीबिंदू होता त्याला, एवढंच म्हणाले.

मग:
लांबून चिमटीनं ओढू नकोस,
दोन पावलं पुढे हो, पाय फुकट आहेत.
कोपरं बरगड्यांना लाव.
घागरीवर बोट टेकव. चौकोन आला?
आता शेजारचा छोटा सूर्य खाली ओढ,
थोडा, अजून थोडा, बास.
आणि तो बल्ब घालव आधी. दारातला उजेड पुरे.

दारातला उजेड आमच्या तांबट आळीत
दहा वीसला येतो,
समोरच्या गच्चीवरची टाकी ओलांडून,
आणि अकराच्या आत निघून जातो.
तीस वर्षं त्या वेळात मी धुणं वाळत घातलं.

उन्हात नको गं, उन्हाच्या शेजारी, काका ओरडले.
म्हणून दोरीवरची पांढरी चादर मधे ओढली.
ऊन तिच्यातून दूध गाळल्यासारखं आलं
आणि घागरीच्या गळ्यावर
ह्यांचे ठोके दिसले, एकेक,
मोजावेत तर मोजता येतील असे.
मी सव्वीसपर्यंत मोजले.

व्हिडिओसाठी मोबाईल आडवा,
चिंचेच्या बरणीला टेकवून.
धरायला काही नव्हतं, तरी मी श्वास धरला.
हातोड्यानं आवाज फाटला.
उंबऱ्याबाहेर ने, काका म्हणाले, आवाजाला अंगण लागतं.
नेला. एक रिक्षा मधूनच गेली,
आणि पडद्यावर आलं: जागा संपली.
भाचीच्या साखरपुड्याचे एकशे चाळीस फोटो होते.
चार ठेवले.

दुपारी पुण्याहून निरोप:
फोटो छान आलाय, पण घागरीच्या पोटावर
डावीकडे निळसर डाग दिसतो.
तो जाईल ना?

मी बोटांनी फोटो मोठा केला.
डाग साडी नेसलेला होता.
बसका, कमरेत पसरलेला,
कोपरं बरगड्यांना लावून उभा,
आणि तोंडाच्या जागी
झिजल्या मानेचा मोर.

काका हसले नाहीत.
चकाकत्या वस्तूचं हे असंच, म्हणाले,
समोरचा गिळते.
जुनी चादर घे, मधोमध भोक पाड,
कॅमेरा तेवढा बाहेर काढ, तू मागे राहा.
मग दिसणार नाहीस.

जुनी चादर काढली. कात्रीही सापडली.
पण दहा वीस आता उद्याच होणार होते.
पुण्याला लिहिलं, डाग घागरीला नाही.
मग खोडलं.
लिहिलं, उद्या दुसरा पाठवते.

आणि हा मात्र
साखरपुड्याच्या चार फोटोंच्या पुढे
राहू दिला, पाचवा.