उलटी अक्षरं

चोपड्यात, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल.
रबर, ब्लेड, डिंकाचा डबा, जांभळ्या शाईची गादी.
चाळीस वर्षं मी उलटं लिहितोय,
लोकांना सुलटं वाचता यावं म्हणून.

मार्चात आधार बोरसे मास्तर आले,
मागे दोन पोरं, एकाच्या काखेत नकाशाची सुरळी.
"शिक्का जोयजे. गोल."
काय टाकू?
"खान्देश राज्य निर्माण समिती."
मी म्हटलं, मास्तर, राज्य झालं का?
"अरे, शिक्का पहिले लागस, राज मंग व्हस."

नकाशा माझ्याच टेबलावर पसरला.
गुंडाळला जाऊ नये म्हणून
बऱ्हाणपुरावर शाईची गादी ठेवली, मालेगावावर डिंक.
बऱ्हाणपूर कशावरून आपलं?
इतिहासावरून.
मालेगाव? बोलीवरून.
नवापूरला मात्र त्यांना कारण सापडेना,
म्हणाले, रस्ता तिकडूनच जातो.
बोलीचं निघालं तसा फैजपूरचा पोरगा चुळबुळला:
"आमच्या घरी मले म्हणतात, माले नाही."
एका कान्याचा फरक.
ब्लेडचा एक ओढा. मी रोज मारतो.

मग मास्तरांनी मला तिसरं कलम समजावलं,
पोरांना गणित समजवावं तसं, टेबलावर नखानं रेघा मारत.
राज्य फोडायचं, जोडायचं, नाव बदलायचं, सगळं संसदेच्या हातात.
विधानसभेला मत विचारतात. विचारतात, बस्स.
मोडलं तरी चालतं.
माझ्या बहिणीलाही विचारलं होतं,
पाहुणे ओट्यावर येऊन बसल्यावर.
मास्तर हसले नाहीत.
त्यांना कलमच बदलून हवंय:
तालुक्या-तालुक्यात मतपेटी,
आणि आठव्या अनुसूचीत अहिराणी.
दोन्ही कागदांवर शिक्का लागणार,
उठावदार लागला पाहिजे.

पुढच्या बाजारी खुमसिंग बारेला आला, वैजापूरकडचा.
त्यालाही गोलच हवा होता. भिल प्रदेश परिषद.
त्याचा नकाशा मोबाईलमध्ये,
बोटांनी मोठा केला तर चार राज्यं खाऊन
आमच्या गावापर्यंत येत होता.
चोपडा?
"अर्धं," तो म्हणाला, "डोंगराकडचं."
आणि हे टेबल?
त्यानं कचेरीच्या भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ.
"टेबल तुझं राहू दे."

मास्तर पुरावा बघायला आले तेव्हा मी सहज विचारलं,
तालुक्याची मतपेटी उघडली
आणि वरचे पाडे नको म्हणाले, तर?
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला.
"त्यास्ले समजाडनं पडी," म्हणाले.
मुंबईत बसून कुणीतरी मास्तरांबद्दलही
हेच म्हणत असेल.
हे मी बोललो नाही. गिऱ्हाईक आहे.

माझा बाप सेंधव्याहून आला.
आपण सोडलेलं गाव मध्य प्रदेशात गेलंय
हे त्याला एका परत आलेल्या अर्जावरून कळलं.
साठ साली त्यानं रात्रभर बसून
कचेरीचे शिक्के बदलले. मुंबई राज्य काढलं, महाराष्ट्र बसवलं.
जुने फेकले नाहीत.
खोक्यात आहेत अजून, रबर कडक झालंय,
शाई धरत नाही.

दोन्ही शिक्के एकाच चादरीतून कापले.
कापताना लक्षात आलं, शेवटी दोघांतही देश आहे,
खान्देशातला आणि प्रदेशातला.
तेच दे, तोच श,
दोनदा कोरले, दोनदा उलटे.
सवयीनं मनगटावर उठवून पाहिले,
एकावर एक पडले.
मधे जिथं वर्तुळं एकमेकांत शिरली
तिथं काहीच वाचता येईना.

पैसे देताना दोघांनीही घासाघीस केली.
मास्तर दहा रुपयांवर अडले, खुमसिंग वीसवर.
दोघांनाही पावती हवी होती, हिशेबाला.
पावतीवर माझा शिक्का, बापानं केलेला:
चोपडा, पूर्व खान्देश.
खाली पेनानं मी जळगाव लिहितो, महाराष्ट्र लिहितो.

घाईत घडी घालायला निघाले.
म्हटलं, थांबा, ओली आहे,
वाळू द्या.