सहा आकडे

मयुराचं जुनं सिम आमच्याकडे असतं.
अनगोळच्या घरात, फ्रीजवर, कुंद्याच्या रिकाम्या डब्यात,
काच तडकलेल्या फोनमध्ये.
ती ब्रनोला जाऊन सहा वर्षं झाली, फोन इथंच राहिला.
दर अठ्ठावीस दिवसांनी दुसऱ्या गेटापाशी
इरण्णाच्या दुकानात जाऊन मी त्याला जिवंत ठेवतो.
तिची इथली बँक त्याच्याशीच बोलते.

रविवारी दुपारी कॉल आला.
अप्पा, डबा उघडा.

निहारसाठी गोष्टी हव्या होत्या तिला.
मराठीत कुणी वाचलेल्या, नुसत्या ऐकायच्या.
तीनशे एकोणपन्नास रुपये.
तिथलं कार्ड टाकलं तर पडदा म्हणतो,
तुमच्या प्रदेशात हे उपलब्ध नाही.
म्हणून इथलं कार्ड.
डब्यातला फोन थरथरला, मी आकडे वाचले, तिनं टाकले.
पैसे गेले.
गोष्टी आल्या नाहीत.
तुम्ही तर तिकडे दिसताय, म्हणाला पडदा.

मला हसूच फुटलं.
अप्पा, हसूलाय काय?
व्हय गे, हसूलोय.
तुमचा प्रदेश कुठला, हे आम्हाला
पाळण्यात नाव ठेवायच्या आधी विचारतात.
किती नकाशे आले, किती तारखा पडल्या,
कोर्टाच्या पायरीवर किती जणांचे केस पांढरे झाले.
मी तोवर उद्यमबागेत चौतीस वर्षं
पंपाचे लाकडी नमुने घडवले.
ते कुठल्या राज्यात जाणार, लाकडाला ठाऊक नसायचं.
एवढंच ठाऊक असायचं,
की ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून नमुना आधीच जरा मोठा धरायचा.

म्हटलं, थांब, माझ्या नावावर घेतो.
नाव. पिनकोड. राज्य.
कर्नाटक दाबलं,
आणि सगळा पडदा कन्नडमध्ये गेला.
जाऊ दे. लाईट बिल त्यातच येतं, जमिनीचा उताराही.
कस्तुरीनं नुसता चष्मा आणून दिला.

या खेपेला आकडे माझ्या फोनवर आले.
मोठ्यानं वाचले, सवयीनं,
फाउंड्रीत भंगार तोलताना मल्लप्पाबरोबर मोजायचो तसे:
मूरु, सोन्ने, एंटु, एंटु, ओंदु, नाल्कु.
पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं.

गोष्टी उघडल्या. अनगोळमध्ये.
पुढं पाठवायचं बटण राखाडी होतं,
दाबलं तरी दबत नव्हतं.
मग मी माझा फोन स्पीकरवर लावला
आणि मयुराच्या कॉलच्या तोंडाशी धरला,
बहिऱ्या माणसाच्या कानाशी तोंड न्यावं तसा.
एक कोल्हा होता, एवढं नीट गेलं.
नदी आली तिथं आवाज तुटला.
कोल्हा पलीकडे पोचला की नाही, कळलं नाही.
निहार केव्हाच उठून गेला होता,
त्याच्या पायांचा आवाज मात्र स्वच्छ आला.

राहू दे अप्पा, ती म्हणाली. हात दुखला असेल.
दुखला होता.

संध्याकाळी गोष्टी आम्हीच ऐकल्या, चहाबरोबर.
कस्तुरीला वाचणारी बाई आवडली नाही,
पुण्याची दिसते म्हणाली, प्रत्येक शब्दाला इस्त्री.
तरी चार गोष्टी ऐकल्या तिनं.

झोपायच्या वेळी पुन्हा कॉल.
पडद्यावर निहारचं नुसतं कपाळ.
आज्जा, एंटु एंटु.
मग थांबून, ओठांचा चंबू करून,
सोन्ने.
पुन्हा सोन्ने.
मयुरा म्हणाली, दुपारपासून हेच चाललंय,
जेवतानासुद्धा.
मी म्हटलं, ऐदु शिकवतो, आरु शिकवतो, थांब.
तो थांबला.

नंतर फोन चार्जिंगला लावला, डबा मिटला.
झाकण जरा सैल बसतं,
ते तसंच ठेवलंय.
पैसे सात दिवसांत परत येतील,
असा मेसेज तिच्या सिमवर येऊन पडलाय.
उद्या रिचार्ज संपतो.