शेवटच्या अक्षरावर

लडलो, श्रॉपशर. बुधवार, सव्वाअकरा.
मिस ग्विनेथ प्रॉसर, वय एकोणऐंशी,
उजवी नडगी मोडून जुळलेली,
दोन दांड्यांच्या मध्ये उभ्या.
मी म्हणतो, आधी टाच टेका.
त्या म्हणतात, क्नेमे.

नडगी हो. ग्रीकमध्ये नडगीला जो शब्द
तोच चाकाच्या आऱ्याला.
त्यांच्या देवांच्या रथाला
एकेका चाकात आठ नडग्या.
जन्मभर शाळेत हे शिकवलं, म्हणाल्या,
आणि घसरले ती लायब्ररीच्या पायरीवरून.

मी सुताराचा मुलगा.
आरा मला ठाऊक आहे, तुंबा ठाऊक आहे.
बाभळीचे पुठे सांधताना
वडील ओठांत खिळा धरून बोलत,
निम्मे शब्द मी अंदाजानेच शिकलो.

मग त्यांनी माझ्या तपासणीच्या कागदामागे
पेन्सिलीने एकच शब्द दोनदा लिहिला.
त्रोखोस. त्रोखोस.
वर एक तिरकी रेघ, जागा तेवढी वेगळी.
सूर शेवटच्या अक्षरावर चढला तर चाक,
पहिल्यावर चढला तर धावणं.
म्हणून बघा.
मी दोन्ही म्हटले. दोन्ही एकच निघाले.
तुमचं चाक पळालं, म्हणाल्या.

आमच्यात रेघ नसते, बाई.
चाकावर चढवायच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात,
धावण्यालाही धावच.
लालभडक धाव, चार माणसं, चिमटे,
वरून पाणी, वाफ,
लाकूड करकरतं आणि मग गप्प.
कुठली धाव, ते विचारत नाही कुणी.

हे मी सांगितलं.
दुसरं सांगितलं नाही.
चाक ज्यावर फिरतं तो आस,
त्याच्या डोक्यावर पूर्वी टिंब असायचं.
शुद्धलेखनवाल्यांनी काढलं.
आता मोडला की मोडली,
एवढ्यावरूनच कळतं
काय मोडलं ते.
वडिलांच्या हिशेबाच्या वहीत,
ज्या साली ट्रॅक्टर आले त्या पानावर,
एक ओळ आहे: आस मोड
आणि शेवटच्या अक्षरावर
वंगणाचा डाग.

उजेडाला धरून पाहिलंय.
कितीदा तरी.

टाच, म्हणालो मी. आता गुडघा.
नोंद: आठ पावलं. त्यातली दोन
दांडी सोडून.
कागद फाइलला लावला,
मागची बाजू तशीच ठेवून.