दोनशे अकरा

आधी संत्री टोचली.
रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
भोकं पडलेली संत्री आठवडाभर
आई मुकाट्यानं सोलून खात होती.
मग रबरी हात, कोपरापासून तुटलेला,
त्यातून लाल शाईचं पाणी यायचं
आणि त्याला कधीच दुखायचं नाही.
त्याच्यावर मी वर्गात पहिली आले.

मग खरा हात आला.
देवासचे मांगीलाल, वॉर्ड सहा, खाट एकोणीस.
शीर चांगली वर आलेली, सुतळीसारखी,
आणि सुई टेकताच ती बाजूला सरकली,
अनोळखी माणूस आला की वासरू सरकतं तशी.
दोनदा. तिसऱ्यांदा निळं टेंगूळ.
ते म्हणाले, "कोई बात नी बेटा, फेर देख ले."
मी बाथरूममध्ये जाऊन रडले,
नळ सोडून, आवाज बाहेर जायला नको म्हणून.

लकडा सिस्टर जशपूरकडच्या. कमी बोलायच्या.
"आँख से मत ढूँढ," एवढंच म्हणाल्या,
रुमालानं माझे डोळे बांधले
आणि स्वतःची बाही वर केली.
बोट ठेवलं. कातडी. कातडीखाली आणखी कातडी.
"ये?"
"वो हड्डी है मेरी."
पुन्हा.
कितीतरी वेळानं काहीतरी दबलं
आणि हळूच परत वर आलं,
सतरंजीखालून पाण्याची नळी गेली असावी तसं.
त्या हसल्या की नाही, दिसलं नाही.

त्यानंतर गावभर मला हातच दिसू लागले.
राजवाड्याला पोहे देणाऱ्याचा हात, जाडजूड, सोपा.
सिटी बसच्या दांडीला लटकलेले हात,
कंडक्टरच्या मनगटावर उडणारी निळी रेघ,
पोळी लाटताना आईच्या हातावर उठणारा फाटा.
बाबांचा हात मी ते झोपल्यावर चाचपायचे.
गिरणी बंद पडली तसा तो वाळत गेला
आणि शिरा खोल गेल्या,
उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जातं तशा.

एका वहीत चुका लिहायचे. फक्त चुका.
तारीख, खाट, कितव्यांदा.
बरोबर आलेलं काय लिहायचं,
ते तर पेशंटचं होतं.
चाळीस. ऐंशी. दिवाळीच्या सुमारास एकशे सहा.
सोबतची प्रमिला टिळेकर सोडून गेली,
उज्जैनला शिवणाचे क्लास काढले.
मी का राहिले ते सांगता येत नाही.
बहुतेक दुसऱ्या दिवशी ड्युटी होती म्हणून.

आणि कधी जमलं, तेही विचारू नका.
एका रात्री लाईट गेली होती, जनरेटर नुसता खोकत होता,
बाळंतपणात रक्त गेलेली एक बाई, थंडगार,
शिरा सगळ्या आत मिटलेल्या,
आणि माझा अंगठा कातडी ताणत होता,
बोट विचारत होतं,
सुई निघालीसुद्धा होती.
हे सगळं मला नंतर कळलं.
नळीच्या तोंडाशी लाल थेंब येऊन उभा राहिला.
लकडा सिस्टर बॅटरी धरून होत्या.
काही बोलल्या नाहीत.
चिकटपट्टी दातांनी तोडून दिली.

वही परवा सापडली.
दोनशे अकरावर थांबलेली.
पुढच्या पानापासून आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब:
दोन लिटर, दोन लिटर, नाही, दीड,
पाहुणे, चार.

म्हणजे त्यानंतर चुकले नाही असं नाही.
कालच देपालपूरचं एक बाळ, अकरा दिवसांचं,
शिरा दोऱ्याएवढ्या. दोनदा गेले, दोन्ही फुटल्या.
पूर्वी तिसऱ्यांदा गेले असते, हट्टानं,
बाळासाठी कमी, वहीसाठी जास्त.
काल सुई ट्रेमध्ये ठेवली
आणि पलीकडच्या वॉर्डातून वैजयंतीला हाक मारली.
माझ्याच हातावर शिकलेली पोरगी,
कोपराच्या आत तिनं केलेला डाग अजून आहे.
तिनं बाळाचं पाऊल मुठीत घेतलं
आणि ऊब येईपर्यंत नुसतं धरून ठेवलं,
बाहेर आजी घाई करत होती तरी.

मी बॅटरी धरली.